झाडीपट्टीतला महामारीचा हिवाळा आणि घरातली लहान मुले

चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलाच्या जिल्ह्यांत हिवाळा हा माणसे एकत्र येण्याचा ऋतू आहे. धानाची कापणी होते, पुंजणे लागतात, खळ्यावर मळणी चालते. दिवाळी सरली की गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, दंडारीची लोकनाट्ये होतात, पाहुणे येतात. मग झाडीपट्टीची नाटके सुरू होतात ती थेट होळीपर्यंत. वडसा म्हणजे देसाईगंज हे या रंगभूमीचे ठाणे. तिथल्या नाटक मंडळ्यांचे फलक लागले, तारखा ठरल्या, की गावाला हिवाळा आल्याची खूण पटते. प्रयोग रात्री उशिरा सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. चादर-घोंगडी घेऊन अख्खे घर नाटकाला जाते आणि लहान मुले तिथेच आईच्या मांडीवर झोपी जातात.

२०२० च्या हिवाळ्यात नेमके हेच गेले. मार्चमध्ये कोरोनामुळे देशभर टाळेबंदी लागली तेव्हा उन्हाळा तोंडावर होता, आणि उन्हाळ्यात इकडची माणसे तशीही दुपारी दारे लावून घरात बसतात. हिवाळ्याची गोष्ट वेगळी होती. बाहेर पडावेसे वाटण्याच्या दिवसांत गर्दी करायची नव्हती. नाटकांचा हंगाम नेहमीसारखा झाला नाही, मंडया सुन्या गेल्या, लग्ने मोजक्या माणसांत उरकली. मोठ्यांनी हे कसेबसे निभावून नेले. तीन ते आठ वर्षांच्या मुलांना मात्र घरात काय करायचे हेच कळेना, आणि त्यांचे काय करायचे हे घरच्यांनाही कळेना.

शाळांच्या तारखा पाहिल्या की ही अडचण किती लांबली ते दिसते. महाराष्ट्रात नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून आणि पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ पासून, स्थानिक परिस्थिती पाहून, उघडू लागले. पहिली ते चौथीच्या मुलांच्या वाट्याला तो हिवाळा आलाच नाही. ग्रामीण भागातले त्यांचे वर्ग भरायला १ डिसेंबर २०२१ उजाडावा लागला. अंगणवाडीचा शिधा घरपोच मिळत होता, पण मुलांना एकत्र बसवून गाणी-गोष्टी घेणे थांबले होते. म्हणजे ज्या वयात मूल दुसऱ्या मुलांकडे बघून शिकते, रांगेत उभे राहायला आणि वाटून खायला शिकते, त्या वयाची मुले सर्वांत जास्त काळ घरी राहिली.

त्यात हिवाळा हा धानपट्ट्यात कामाचा काळ. आई-वडील दोघेही सकाळी शेतावर जातात, घरी म्हातारी माणसे उरतात. महामारीत धोका सर्वांत जास्त त्यांनाच, आणि मूल सांभाळायला हाताशी तीच. शहरातल्या घरांपुढे दिवसभर मुलांना कसे रिझवायचे हा प्रश्न होता. इथला प्रश्न निराळा होता. हातातले काम न सोडता मुलाला त्या कामातच कसे गुंतवायचे, हे इथे पाहायचे होते. ज्या घरांना ते जमले त्यांचे दिवस सोपे गेले. त्यासाठी लागणारे साहित्य अंगणात आणि शेतात पडलेलेच होते.

लहान मुलाला दिवसभरात किती हालचाल लागते याचा अंदाज मोठ्यांना सहसा नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांनुसार एक ते चार वर्षांच्या मुलाने दिवसाला निदान १८० मिनिटे हिंडणे-फिरणे, उड्या, धावपळ करावी, तीन-चार वर्षांच्या मुलाने १० ते १३ तास झोपावे आणि दोन ते चार वर्षांच्या मुलासमोर पडदा एक तासाहून जास्त नसावा, त्याहून कमी असेल तर उत्तम. एका वर्षाखालच्या बाळाला पडदा मुळीच नको. तीन तासांची हालचाल चाळीतल्या खोलीत मिळवणे अवघड आहे. धान निघालेल्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, ती खेळता खेळता होते. कापणीनंतर बांध्या रिकाम्या होतात, जमीन वाळून घट्ट होते आणि चारी बाजूंनी धुरे असल्याने मैदानाची हद्द आपोआप आखलेली मिळते. एका घरच्या चार-पाच मुलांना लगोरी, कंचे, टायर फिरवणे, भोवरा यांसाठी एक बांधी पुरते. शेजारच्या बांधीत दुसऱ्या घरची मुले खेळली की अंतरही राखले जाते. मोकळ्या हवेत विषाणूचा फैलाव बंद खोलीपेक्षा पुष्कळ कमी होतो, त्यामुळे साथीच्या काळात खेळायला यापेक्षा बरी जागा नव्हती. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मुखपट्टीची सक्ती करू नये, असे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ऑगस्ट २०२० मध्येच सांगितले होते. तरी पुष्कळ घरांत तीन वर्षांच्या मुलाच्या नाकावर रुमाल बांधण्याची धडपड चालली आणि तो रुमाल शेवटी शेंबूड पुसायच्या कामी आला.

थंडीचा अंदाज मात्र घ्यावा लागतो. चंद्रपूर उन्हाळ्यासाठी कुप्रसिद्ध असले तरी डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, जंगलालगतच्या गावांत गारठा त्याहून बोचरा असतो. सकाळी ऊन अंगणात चांगले पसरल्यावर मुलांना बाहेर काढावे आणि ऊन कलू लागले की घरी आणावे. याला थंडीपेक्षा मोठे कारण आहे. ताडोबाच्या भोवतालच्या गावांत, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, राजुरा या पट्ट्यांत वाघ-बिबट्यांचा वावर गावाच्या वेशीपर्यंत असतो. राजुरा भागात दहशत माजवणारा आरटी-१ हा वाघ ऑक्टोबर २०२० मध्ये, म्हणजे त्याच हिवाळ्याच्या तोंडावर, पकडला गेला. पहाटे आणि तिन्हीसांजेला मूल एकटे नाल्याकडे, झुडपाकडे किंवा तुरीच्या उभ्या पिकाकडे जाऊ न देणे हा इथल्या आयांचा नियम साथीच्या कितीतरी आधीचा आहे. डिसेंबरात साडेपाचनंतर अंधारू लागते, त्यामुळे खेळाचा दिवस तसा लहानच.

खळ्यावर तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, ढीग असतो आणि मुलांना त्यात उड्या मारण्याचा अनावर मोह होतो. नुकत्या झोडपलेल्या कोरड्या तणसात खेळू द्यायला हरकत नाही. जुन्या, कोपऱ्यात बरेच दिवस पडून राहिलेल्या ढिगात विंचू आणि मण्यार असू शकतात, म्हणून आधी मोठ्या माणसाने काठीने उपसून पाहावे. तणसाची दोरी वळणे हे पाच-सहा वर्षांच्या मुलाला बसल्या जागी अर्धा तास गुंतवणारे काम आहे. मूठभर ओलसर तणस घ्यायचे, एक टोक दुसऱ्याने धरायचे, आपण पीळ देत मागे सरकायचे, मध्ये मध्ये नवे तणस घालत जायचे. दोघांचा पीळ एकाच दिशेने पडला की दोरी सुटते, हे मुलाला दोन-तीनदा सुटल्यावर समजते. मग कोणी कोणत्या बाजूला फिरवायचे यावर बहीण-भावात भांडण होते आणि आजीला मध्ये पडावे लागते.

बांबू हे दुसरे हुकमी साहित्य. गडचिरोलीत बांबूला तोटा नाही आणि चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रही आहे. पण घरच्या खेळण्यासाठी कोयता चालवता येणारा एक काका पुरतो. जाड बांबूवर पाय ठेवायला आडवा तुकडा बांधून केलेल्या गेड्यांवर सात-आठ वर्षांची मुले चालायला शिकतात. आधी पायरी जमिनीपासून वीतभरच उंच ठेवावी. लहानग्यांसाठी बारीक बांबूच्या कांड्या वेगवेगळ्या लांबीच्या कापून, कडा घासून दिल्या की त्या आखूड-लांब अशा क्रमाने लावणे, त्यांची घरे रचणे, त्या वाजवून आवाजातला फरक ऐकणे यात सकाळ जाते. अंगणवाडीतल्या रंगीत ठोकळ्यांनी जे साधायचे असते तेच इथे साधते. तान्ह्या पोळ्याला सजवून मिरवलेला लाकडी नंदी एरवी वर्षभर फडताळात पडून असतो. त्यालाही हिवाळ्यात खाली काढून तणस ओढायला जुंपता येते.

बियांचे खेळ हा रानात वाढणाऱ्या मुलांचा आवडता भाग, आणि इथे काळजी सर्वांत जास्त घ्यावी लागते. चिंचोके, सीताफळाच्या बिया, सागरगोटे, मक्याचे दाणे आकाराने, रंगाने वेगळे करणे, त्यांच्या ओळी लावणे, दहा-दहाचे ढीग करणे हे गणिताच्या आधीचे गणित आहे. पण तीन-साडेतीन वर्षांखालील मूल हाती येईल ते तोंडात घालते आणि चिंचोका, हरभरा किंवा शेंगदाणा श्वासनलिकेत अडकू शकतो. त्या वयाच्या मुलाच्या हाती बी देऊच नये. मोठ्या मुलांनाही काही बियांची ओळख आधी करून द्यावी. गुंज दिसायला फार सुरेख, लालभडक आणि वर काळा ठिपका, पण ती चावली गेली तर जिवावर बेतू शकते. एरंडाचे बीही तसेच घातक. चंद्रज्योत कुंपणाला लावलेली असते, तिच्या बिया शेंगदाण्यासारख्या गोडसर लागतात आणि त्या खाऊन मुलांना एकाच वेळी उलट्या-जुलाब सुरू झाल्याच्या बातम्या विदर्भात वारंवार येतात. बिब्ब्याचा चीक कातडीवर उततो. शाळा भरलेली असताना मुलांवर गुरुजींची नजर असते. शाळा नसताना दुपारी कुंपणाकडे कोण फिरते आहे हे घरालाच पाहावे लागते.

दुपारी घरात बसून खेळायला चौवा-अष्टा आहे. काही घरी त्याला चंगाष्टा म्हणतात. शेणाने सारवलेल्या जमिनीवर किंवा फरशीवर कोळशाने पाच गुणिले पाच असा पंचवीस घरांचा पट आखायचा. चारी कडांची मधली घरे आणि ऐन मध्यावरचे घर यांवर फुली मारायची. फुलीच्या घरात सोंगटी मरत नाही. फाशांऐवजी दोन चिंचोके उभे फोडून त्यांची चार दलं करायची, म्हणजे प्रत्येकाची एक बाजू पांढरी आणि एक तपकिरी. जितकी पांढरी वर पडतील तितके दान. चारही पांढरी पडली तर चौवा, चारही तपकिरी पडली तर अष्टा. चौवा-अष्ट्याला पुन्हा टाकायला मिळते. सोंगट्या म्हणून एकाने खडे घ्यावेत, दुसऱ्याने काडीचे तुकडे, तिसऱ्याने बांगडीच्या काचा सोडून काहीही. बाहेरच्या सोळा घरांची फेरी एका दिशेने करायची, मग आतल्या आठ घरांची उलट दिशेने, मग मध्ये. दुसऱ्याची सोंगटी मारल्याशिवाय आत शिरायचे नाही, असा नियम बहुतेक घरांत असतो आणि खेळाची सारी धुमश्चक्री त्यामुळेच होते. पाच वर्षांचे मूल यात आठपर्यंत मोजणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे आणि सोंगटी मेली तरी पट न उधळणे शिकते. यातली शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे. आजोबांनाही ती नेहमीच जमते असे नाही.

स्वयंपाकघर हीदेखील हिवाळ्यात मुलांना रमवणारी जागा. तुरीच्या ओल्या शेंगा, वाटाणा, वालाच्या शेंगा घरी येतात त्या टोपलीने. सोले काढणे हे चार वर्षांच्या बोटांना जमणारे काम आहे. शेंगेचे टोक मोडायचे, शीर ओढायची, अंगठ्याने दाणे ढकलायचे, अळी निघाली तर आरोळी ठोकायची. तासाभरात सोलेभातापुरते दाणे निघतात आणि रात्री ताटात तेच दाणे पाहून मूल नेहमीपेक्षा दोन घास जास्त खाते. धान पाखडताना उडणारा कोंडा सुपाच्या कोणत्या बाजूला पडतो, नव्या तांदळाच्या भाताला पाणी कमी का लागते, हे प्रश्न या वयात मुलेच काढतात आणि उत्तर आजीजवळ असते. बोरे वाळवायला घालणे, त्यांवर पाळत ठेवणे, कावळे हाकलणे या कामांनाही पगार लागत नाही. अर्ध्या बोरांचा हिशेब मात्र लागत नाही. चूल आणि न्हाणीचे गरम पाणी यांपासून मूल हातभर दूर ठेवणे एवढेच बंधन. भाजण्याचे अपघात थंडीत वाढतात ते शेकोटी, चूल आणि उकळत्या पाण्यामुळे.

संक्रांतीला पाच वर्षांपर्यंतच्या मुलांचे बोरनहाण होते. काळे कपडे, हलव्याचे दागिने, पाटावर बसवून डोक्यावरून बोरे, उसाचे तुकडे, मुरमुरे, गोळ्या ओतायच्या आणि भोवती जमलेल्या मुलांनी त्या लुटायच्या. १४ जानेवारी २०२१ च्या संक्रांतीला लुटारूंची टोळी घरातलीच राहिली. दोन मुलांनी मिळून सगळे लुटायचे म्हणजे मजा अर्धीच, पण खाऊ दुप्पट, हा फायदा मुलांनी लगेच ओळखला.

नाटक नसले तरी नाटकाची हौस घरी भागवता येते, आणि झाडीपट्टीतल्या मुलांना त्यासाठी काही शिकवावे लागत नाही. खाटेला धोतर बांधले की पडदा झाला. एक मूल राजा, एक खलनायक, लहानगे नेहमी पोलीस किंवा वाघ. दंडारीतले सोंग, नाटकातला विनोदी गडी, त्याची चालण्याची ढब मुलांनी आदल्या वर्षांत पाहिलेली असते आणि ती हुबेहूब उतरते. अशा खेळात मूल दुसऱ्याच्या जागी उभे राहून बोलते, वाक्य लांबवते, घटना क्रमाने सांगते. बालशिक्षणात नाट्यीकरणाला इतके वजन दिले जाते ते यासाठीच. २०२३ मध्ये गडचिरोलीचे डॉ. परशुराम खुणे यांना झाडीपट्टी रंगभूमीवरील कामासाठी पद्मश्री मिळाली. ही रंगभूमी गावातल्या हौशी पोरांच्या जोरावर चालते, आणि त्या हौसेची सुरुवात अशाच खाटेआडच्या प्रयोगांत होते.

भाषेचा मुद्दा या भागात वेगळा काढावा लागतो. भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची या भागांत लहान मुले घरी माडिया किंवा गोंडी बोलतात, कोरची-कुरखेड्याच्या सीमेवर छत्तीसगढीही ऐकू येते, सिरोंच्यात तेलुगू. शाळेची मराठी त्यांना नंतर भेटते. शाळा बंद झाल्याने मराठी मागे पडेल या काळजीने काही घरांनी मुलांना मराठी चित्रफिती दाखवल्या. घरातल्या भाषेत आजीने सांगितलेली कहाणी, कोडी, रेला नृत्याची गाणी यांनी मुलाची भाषा जितकी पक्की होते तितकी एकट्याने पाहिलेल्या चित्रफितीने होत नाही. लहान मूल बोलायला शिकते ते त्याच्या बोलण्याला उत्तर मिळते म्हणून. मोबाइल उत्तर देत नाही. आणि घरच्या भाषेत गोष्ट नीट सांगता येणाऱ्या मुलाला पुढे मराठीतही ती सांगता येते.

मोबाइलबद्दल त्या काळात बरीच भाबडी आशा होती. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या उपक्रमातून व्हॉट्सॲपवर रोज अभ्यास पाठवला जाई. सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० मध्ये ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची मालिका सुरू झाली. घरच्या वस्तू वापरून करायच्या कृती त्यात असल्याने ती लहान मुलांना खरोखर उपयोगी होती. पण सप्टेंबर २०२० च्या ‘असर’ या शिक्षणविषयक सर्वेक्षणात ग्रामीण भारतातल्या शाळकरी मुलांपैकी सुमारे ६२ टक्क्यांच्याच घरी स्मार्टफोन आढळला. ज्या घरी होता तिथेही तो बापाच्या खिशात असायचा, आणि जंगलातल्या गावांत रेंजसाठी टेकाड चढावे लागायचे. चार वर्षांच्या मुलाला पडद्यासमोर बसवून शिकवण्याची कल्पना मुळात चुकीची होती, ती इथे नेटवर्कअभावी फसली इतकेच. फोन असलाच तर त्यावरची एक गोष्ट मोठ्याने वाचून दाखवावी, मग तो बाजूला ठेवून तीच गोष्ट मुलाला चित्रात काढायला लावावी. चुलीतला कोळसा, हळद, पळसाची वाळलेली फुले भिजवून काढलेले पाणी आणि पालकाचा रस एवढे रंग घरी मिळतात.

तलावावरचे पक्षी पाहणे हा मोठ्या माणसासोबत सकाळी करायचा आणखी एक उद्योग. धानशेतीसाठी बांधलेले जुने मालगुजारी तलाव या दोन्ही जिल्ह्यांत गावागणिक आहेत आणि हिवाळ्यात त्यांवर स्थलांतरित बदके उतरतात. पाळीवर गुपचूप बसून किती पांढरी, किती काळी, किती बुडी मारणारी हे मोजायचे, कोण किती वेळ पाण्याखाली राहतो ते आपणही श्वास रोखून पाहायचे. रोज तीच मुले तोच तलाव पाहतात तेव्हा एखादा नवा पक्षी आला तर तो त्यांना मोठ्यांआधी दिसतो.

साथीच्या काळात ताप आला की घर घाबरून जाई. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. महाराष्ट्रातल्या हिवतापाच्या रुग्णांत गडचिरोलीचा वाटा फार मोठा आहे आणि पावसाळ्यानंतर थंडीच्या सुरुवातीलाही हिवताप येतो. त्यामुळे कोरोनाच्या धास्तीने मूल घरीच ठेवून काढे पाजण्यापेक्षा आशाताईकडून रक्ताची तपासणी लगेच करून घेणे शहाणपणाचे. सिकलसेलचा आजारही दोन्ही जिल्ह्यांत आहे. असा आजार असलेल्या मुलाला गारठ्याने, पाणी कमी पिण्याने आणि अति दमण्याने हाडे-सांध्यांत असह्य कळा येतात. त्याने खेळावे, पण कानटोपी-पायमोजे घालून, मध्ये मध्ये पाणी पीत, आणि थंड पाण्यात मुळीच न उतरता. रात्री बंद खोलीत शेगडी ठेवून झोपू नये, धूर आणि कोंडलेला वायू दोन्ही घातक.

२०२१ चा हिवाळा काहीसा सैल गेला. १ डिसेंबरला पहिली-चौथीचे वर्ग भरले, १६ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना अंतरिम परवानगी दिल्याने शंकरपटांची, म्हणजे इकडच्या बैलांच्या शर्यतींची, चर्चा पुन्हा सुरू झाली. जानेवारीत ओमायक्रॉनमुळे शाळा पुन्हा मिटल्या आणि २४ जानेवारीपासून टप्प्याटप्प्याने उघडल्या. तोवर अंगणवाडीत एक दिवसही न बसलेली मुले पहिलीच्या वयाची झाली होती. एप्रिल २०२२ मध्ये राज्यभर ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान झाले. शाळेच्या पटांगणात मेळावा भरे. एका टेबलापाशी मूल रेषेवरून चाले आणि उड्या मारी, दुसऱ्यापाशी दाणे वेगळे करी, तिसऱ्यापाशी चित्र पाहून बोले, पुढच्यापाशी वस्तू मोजी, आणि प्रत्येक ठिकाणी काय जमले ते कार्डावर लिहिले जाई. मग वस्तीतल्या आयांचे माता गट करून त्यांना आठवड्याच्या कृतींची पत्रके दिली जात, म्हणजे शाळा उघडेपर्यंतच्या दोन महिन्यांत त्याच कृती घरी, ओसरीवर घेता याव्यात.